सरकारी शाळा की खाजगी? शंभर वर्षांचा हिशेब

 

बचत गटाचं काम करताना आम्ही गावोगाव बैठकांना बसतो. कर्जाची कारणं वर्षभर बदलत राहतात. पेरणीच्या तोंडावर बियाणं आणि खत, दिवाळीनंतर शेळी नाहीतर शिलाई मशीन, उन्हाळ्यात लग्न. पण अलीकडे जूनच्या बैठकीत एक कारण हमखास येतं. शाळेची फी. गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिथं फी नाही. तरी मोठ्या रस्त्यावरच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी सकाळी फाट्यावर येते आणि अर्धी पोरं घेऊन जाते. मग जिचं मूल पाच वर्षांचं झालं ती आम्हाला विचारते, "ताई, सगळ्यांची चालली, मग माझ्या लेकराला कुठं घालू?"

या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर आम्ही देणार नाही. प्रत्येक घर वेगळं, प्रत्येक गावची शाळा वेगळी. पण हा प्रश्न नवा नाही. आपल्या मराठवाड्यात तो शंभर वर्षांपूर्वीही होता, फक्त उलटा होता. तो उलटा कसा होता आणि सुलटा कसा झाला, हे कळलं तर आजचा निर्णय सोपा होईल. म्हणून आज आपण शाळेचा जुना हिशेब उघडून बसणार आहोत.

सुरुवात पुण्यापासून करू. 1848 साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. ती शाळा सरकारनं काढलेली नव्हती. आजच्या भाषेत बोलायचं तर ती खाजगीच. पण फी गोळा करायला नव्हे, ज्यांना कुणी शाळेत घेत नव्हतं त्यांना घ्यायला ती काढली होती. पुढं 1882 साली इंग्रज सरकारनं शिक्षणाची चौकशी करायला एक आयोग नेमला. त्याला हंटर आयोग म्हणतात. त्या आयोगापुढं जोतीरावांनी लेखी निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो शेतकऱ्याच्या घामातून. तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या मोठ्या शिक्षणावर. आधी खेड्यातल्या पोरांना प्राथमिक शिक्षण द्या, निदान बारा वर्षांपर्यंत ते सक्तीचं करा, आणि प्राथमिक शाळा सरकारनं आपल्या हातातून सोडू नयेत.

म्हणजे पाहा, ज्या माणसानं स्वतः शाळा काढून दाखवल्या, त्याचंच मत होतं की गरिबाची प्राथमिक शाळा सरकारनंच चालवली पाहिजे. कारण ती कुणाचं दान नाही. आपल्याच घामाच्या पैशातून आपल्याला परत मिळणारी ती वस्तू आहे.

ही मागणी लगेच मान्य झाली नाही. 1911 साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते पुढच्या वर्षी नामंजूर झालं. संस्थानिकांनी मात्र करून दाखवलं. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1906 साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली ते मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड लावला. त्या काळात एक रुपया म्हणजे थट्टा नव्हती.

आता आपल्याकडे येऊ. तेव्हा आपण ना इंग्रजांच्या मुलखात होतो, ना कोल्हापूरच्या. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे आपले जिल्हे हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते. राज्यात लोक तेलुगू बोलत, मराठी बोलत, कानडी बोलत. पण सरकारी कामकाज उर्दूत चाले. 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं आणि तिथं सगळं उच्च शिक्षण उर्दूतून ठेवलं. साहजिकच वरच्या शाळाही उर्दूतून.

यात उर्दूचा काही दोष नव्हता. ती गोड भाषा आहे, आपल्या गटांतल्या कितीतरी बहिणींच्या घरची भाषा आहे. परदेशी इंग्रजीऐवजी इथल्या भाषेत मोठं शिक्षण द्यायचं, हे त्या विद्यापीठाचं पाऊल तर मोठंच होतं. अडचण वेगळी होती. ज्या घरात मराठी बोलतात त्या घरातलं पोर शाळेत गेलं की त्याला गणितही परक्या भाषेत, भूगोलही परक्या भाषेत. घरी आई विचारणार, आज काय शिकलास? पोराला सांगता यायचं नाही आणि आईला कळायचं नाही. तरी जे शिकवत ते शिकवतच. कारण नोकरी हवी तर उर्दू हवी.

आता हेच वाक्य परत म्हणून बघा, फक्त उर्दूच्या जागी इंग्रजी घाला. ओळखीचं वाटतं ना?

तेव्हा त्यावर उपाय म्हणून लोकांनी काय केलं? लोकांनी स्वतःच्या शाळा काढल्या. 1915 साली औरंगाबादेत सरस्वती भुवन ही शाळा सुरू झाली. पुढं मुलींसाठी शारदा मंदिर आलं. अंबाजोगाईला योगेश्वरी विद्यालय निघालं. उस्मानाबाद जिल्ह्यात हिप्परगा नावाच्या खेड्यात 1921 साली राष्ट्रीय शाळा निघाली. मराठवाडा मुक्तीचा लढा ज्यांनी पुढं चालवला ते स्वामी रामानंद तीर्थ मूळचे शिक्षक. आधी ते हिप्परग्याच्या शाळेत होते, नंतर अंबाजोगाईला. म्हणजे आपला स्वातंत्र्यलढा वाढला तो या शाळांच्या वर्गांत.

या सगळ्या शाळा खाजगी होत्या. पण शब्दाच्या अर्थाकडे लक्ष द्या. तेव्हा खाजगी शाळा म्हणजे घरची भाषा शिकवणारी शाळा. वर्गणी मागून चालणारी, कमी पगारात राबणाऱ्या गुरुजींची शाळा. निजाम सरकारला या शाळांचा संशय येई. खाजगी शाळा काढायची तर सरकारी परवानगी घ्या, असे नियम झाले. तरी लोकांनी शाळा चालवल्या. सरकारी शाळा जवळ असूनही लोक मराठी खाजगी शाळेत मूल घालत, कारण तिथं मुलाला समजत होतं.

पण या शाळांचं एक उणंही सांगितलं पाहिजे. त्या शहरांत आणि मोठ्या गावांत होत्या. त्यांत बहुतेक मुलं शिकत ती खाऊनपिऊन बऱ्या घरची. वाडीवस्तीवरच्या मजुराच्या पोरापर्यंत, दलित वस्तीपर्यंत आणि मुलींपर्यंत त्या फारशा पोचल्या नाहीत. वर्गणीवर चालणारी शाळा कितीही चांगली असली तरी प्रत्येक गावात निघू शकत नाही. त्याला सरकारच लागतं. जोतीराव जे म्हणत होते ते इथं खरं ठरलं.

17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला. दरवर्षी त्या दिवशी आपण शाळेत झेंडावंदनाला जातो. मुक्ती झाली म्हणजे नुसतं राज्य बदललं नाही, शाळेची भाषाही बदलली. हळूहळू सरकारी शाळा मराठीत आल्या. दोन वर्षांत, 1950 साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केलं. तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. मुंबई-पुणे सोडून बाबासाहेब इकडं आले, कारण शिक्षणात मराठवाडा सगळ्यात मागं होता. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या पाटी शिरली नव्हती, ती पोरं गाठोडं घेऊन या महाविद्यालयात आली आणि शिकून वकील, प्राध्यापक, अधिकारी झाली. हीसुद्धा खाजगी संस्थाच. दार मात्र सगळ्यांत गरिबासाठी उघडं.

1960 साली महाराष्ट्र राज्य झालं. 1961 साली जिल्हा परिषदांचा कायदा आला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. प्राथमिक शाळा त्यांच्या हाती आल्या. तुमच्या गावातल्या आजीला विचारा, त्या वेळी शाळा कुठं भरायची? कुठं मारुतीच्या देवळात, कुठं चावडीत, कुठं कुणाच्या ओसरीवर. मग कुणी जागा दिली, कुणी दगड वाहिले, कुणी श्रमदान केलं, आणि खोली उभी राहिली. ज्या घरातून कधीच कुणी शाळेत गेलं नव्हतं, त्या घरातली पहिली मुलगी शाळेत गेली ती याच शाळेत. आज आमच्यापैकी कितीतरी जणी गटाचं इतिवृत्त लिहितात, बँकेत स्लिप भरतात, ते याच शाळेच्या जोरावर.

म्हणजे शंभर वर्षांत बाजू कशी बदलली बघा. निजामाच्या काळात सरकारी शाळा म्हणजे परकी भाषा, आणि खाजगी शाळा म्हणजे आपली भाषा. 1962 नंतर सरकारी शाळा आपली झाली. आणि आता पुन्हा पोरं खाजगीकडे चालली आहेत. या वेळी परक्या भाषेसाठी, आणि फी भरून.

हे का झालं? सगळा दोष आईबापाला देऊन चालणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांची हेळसांड झाली, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. शिक्षकभरती अनेक वर्षं रखडली. एकाच गुरुजींनी दोन-दोन, तीन-तीन वर्ग सांभाळायचे. वर निवडणूक, जनगणना आणि माहिती भरण्याची कामं. संडासाला दार नाही, नळाला पाणी नाही, म्हणून मोठ्या मुली शाळेत येईनात. दुसरीकडे शेती परवडेना, प्रत्येक आईला वाटू लागलं की पोरानं नोकरी करावी, आणि नोकरी म्हणजे इंग्रजी. सरकारनं 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू केला. पण तोवर मनात बसून गेलं होतं की खरं इंग्रजी खाजगी शाळेतच.

मग कायदा आला. खाजगी शाळांत आधी एक मोठा प्रकार होता अनुदानित शाळांचा. तिथं संस्था खाजगी, पण शिक्षकांचा पगार सरकार देतं. आपल्या जुन्या नावाजलेल्या संस्थांच्या शाळा बहुतेक अशा. 2012 साली महाराष्ट्रानं स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा केला. म्हणजे सरकार एक पैसा देणार नाही, शाळेनं आपला खर्च आपण उभा करायचा. हा खर्च उभा होतो कुठून? तुमच्या-आमच्या फीतून. अशा शाळा मग भराभर वाढल्या. त्यांत काही मनापासून चालवलेल्या आहेत, काही नुसता रंगीत फलक लावून बसल्या आहेत. म्हणून 'खाजगी' हा एक शब्द ऐकून निर्णय घेऊ नका. कोणती खाजगी, हे विचारा. 1915 सालची खाजगी शाळा आणि आज फाट्यावरची खाजगी शाळा यांत फक्त नाव सारखं आहे.

याच काळात दुसरा एक कायदा झाला, तो आपल्या बाजूचा. 2009 सालचा शिक्षण हक्क कायदा, 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण हा हक्क झाला. फुल्यांनी 1882 ला मागितलं, गोखल्यांनी 1911 ला मागितलं, ते देशाच्या कायद्यात यायला इतकी वर्षं गेली. या कायद्यानं विनाअनुदानित खाजगी शाळांना पहिल्या वर्गाच्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत द्यायला लावल्या. 2024 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं नियम बदलला. जवळ एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जागा देण्यातून सूट, असा तो नियम. पालक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयानं आधी त्याला स्थगिती दिली आणि 19 जुलै 2024 ला तो नियमच रद्द केला. तुमचं मूल बसत असेल तर या जागांसाठी वेळेत ऑनलाइन अर्ज करा. लॉटरी लागते. पण एक ध्यानात ठेवा, ही मोफत सोय आठवीपर्यंतच आहे. नववीला काय करायचं, याचा विचार आजच हवा.

आता कुणी म्हणेल, हा सगळा इतिहास झाला, पण आज जिल्हा परिषदेच्या शाळेत खरंच काही होतं का? तर आपल्याच जिल्ह्यातलं गाडीवाट घ्या. शहरापासून साधारण 25 किलोमीटरवरचं गाव. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेनं 2019 साली मुलांना विचारलं, तुम्हाला परदेशातली कोणती भाषा शिकायला आवडेल? चौथी ते आठवीच्या बहुतेक मुलांनी जपानी निवडली. कारण त्यांना रोबोट आणि यंत्रांचं वेड. शिक्षकांनी इंटरनेटवरून माहिती जमवली, भाषा जाणणाऱ्यांची मदत घेतली, आणि शेतकऱ्यांची पोरं जपानी बोलायला लागली. 2020 साली ही बातमी देशभर गेली. या शाळेला फी नव्हती आणि पिवळी गाडीही नव्हती. मुलांना आधी स्वतःच्या भाषेत नीट वाचता-लिहिता येत होतं, आणि शिक्षक त्यांच्या मागं उभे होते. पाया असा असेल तर जपानीसुद्धा शिकता येते, मग इंग्रजीचं काय घेऊन बसलात!

इंग्रजी नको असं आम्ही म्हणत नाही. इंग्रजी शिका, हे सावित्रीबाईंनीही त्या काळी कवितेतून सांगितलं होतं. बाबासाहेब तर परदेशात जाऊन शिकले. पण इंग्रजी विषय शिकणं वेगळं आणि पहिलीपासून सगळे विषय इंग्रजीतून शिकणं वेगळं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही निदान पाचवीपर्यंत, जिथं शक्य तिथं, घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. जिच्या घरी इंग्रजी बोलणारं कुणीच नाही, तिच्या मुलाला शाळेनंतर शिकवणी लावावी लागते. म्हणजे फी एकीकडे आणि शिकवणी दुसरीकडे.

आता हिशेबाच्या वहीकडे येऊ. समजा फी, गाडी, गणवेश, वह्या-पुस्तकं मिळून वर्षाला 25,000 रुपये जातात. बालवाडीची दोन वर्षं आणि पहिली ते आठवी, अशी दहा वर्षं. फी एका रुपयानं न वाढता अडीच लाख रुपये झाले. त्यात कर्जाचं व्याज धरा, शिकवणी धरा. हा आकडा आम्ही समजुतीसाठी घेतला आहे, तुमचा तुम्ही मांडा. पण पहिल्या वर्षाची फी बघून निर्णय घेऊ नका, दहा वर्षांची बघा. आम्ही पाहतो, पुष्कळ घरं तिसरी-चौथीपर्यंत रेटतात, एखाद्या वर्षी कापूस बुडतो, आणि मूल मध्येच काढावं लागतं. इंग्रजीतून मराठीत, नव्या मित्रांत, अर्ध्यातून. सगळ्यात जास्त नुकसान या मुलांचं होतं. असं झालंच तर एवढं माहीत असू द्या, की दाखला मिळायला उशीर झाला म्हणून सरकारी शाळेला प्रवेश अडवता येत नाही.

आणि एक गोष्ट, जी बोलायला अवघड आहे पण बोललीच पाहिजे. फीचे पैसे एकापुरतेच असतात तेव्हा पिवळ्या गाडीत कोण बसतं? मुलगा. आणि दप्तर पाठीला लावून गावातल्या शाळेत पायी कोण जातं? मुलगी. एका घरात, एका आईच्या पोटची दोन लेकरं, दोन शाळांत. मुलगी मराठी शाळेत जाते याचं आम्हाला वाईट वाटत नाही. ती शाळा चांगली आहे म्हणून जात असेल तर आनंदच आहे. पण "तिला काय, ती परक्या घरची" म्हणून जात असेल, तर सावित्रीबाईंनी शेणाचे गोळे कशासाठी झेलले? शाळा कोणतीही निवडा, दोघांना एकच मोजमाप लावा.

ही निवड आपल्या घरापुरती राहत नाही, हेही समजून घ्या. गावातली निम्मी मुलं बाहेर गेली की पट घसरतो. पट घसरला की शिक्षक कमी होतो. शिक्षक कमी झाला की उरलेलेही जातात. 2023 साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव शिक्षण विभागानं मागवले होते. उद्या वस्तीवरची शाळा मिटली तर ज्याच्या दारात मोटारसायकल आहे तो पोराला दुसरीकडे सोडील. ऊसतोड कामगाराची, एकट्या बाईची, मजुराची मुलगी कुठं जाईल? ती घरी बसेल. तिचं लग्न लवकर होईल. गावची शाळा मिटते तेव्हा पहिली किंमत ती मुलगी मोजते.

मग करायचं काय? आम्ही इतिहासातून एकच गोष्ट शिकलो. निजामाच्या काळातली खाजगी शाळा चांगली होती, 1962 नंतर देवळात भरणारी सरकारी शाळाही चांगली होती, गाडीवाटची आजची शाळाही चांगली आहे. तिन्हीत समान काय? तिन्ही ठिकाणी शिकवणाऱ्याचं मन कामात होतं, आणि गावाचं किंवा पालकांचं शाळेवर लक्ष होतं. पाटी सरकारी की खाजगी, यानं शाळा ठरली नाही.

म्हणून मूल घालण्याआधी दोन्ही शाळांत स्वतः जा. नवऱ्याला पाठवू नका, शेजारणीचं ऐकू नका. दुसरी-तिसरीतल्या एखाद्या मुलाला पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला सांगा, मग त्याचा अर्थ त्याच्या शब्दांत सांगायला लावा. नुसती कविता पाठ म्हणून दाखवली तर फसू नका. वजाबाकीचं गणित घाला. मुलींचा संडास उघडून बघा. शिक्षकांचं शिक्षण काय, ते किती दिवस टिकतात, हे विचारा. खाजगी शाळा असेल तर सरकारची मान्यता आहे का ते विचारा. मान्यताप्राप्त प्रत्येक शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक असतो, तो मागून घ्या. मान्यता नसताना शाळा चालवली तर एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. फीची पावती घ्या, पावती नसेल तर पैसे देऊ नका.

आणि मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं तर तिथं सोडून घरी येऊ नका. शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. निम्म्या, मैत्रिणींनो! निजामाच्या काळात शाळा काढायला परवानगी मागावी लागे. आज शाळा कशी चालावी हे ठरवायला कायद्यानं तुम्हाला खुर्ची दिली आहे. पण बहुतेक गावांत त्या खुर्चीवरच्या बाईला माहीतच नसतं की आपलं नाव समितीत आहे. सही घरी येऊन घेतली जाते. हे थांबवायला कुणी बाहेरून येणार नाही. 2011 पासून जिल्हा परिषदेत आणि पंचायतीतही निम्म्या जागा महिलांच्या आहेत. ज्या जिल्हा परिषदेची शाळा, त्या जिल्हा परिषदेत निम्म्या आपण. शाळेत खिचडी शिजवणाऱ्याही बहुतेक आपल्यातल्याच. मग शाळा परकी कशी?

तेव्हा येत्या मासिक बैठकीत बचत, कर्ज आणि परतफेड झाल्यावर शाळेचा विषय इतिवृत्तात लिहा. आपल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत कोण कोण बायका आहेत, शेवटची बैठक कधी झाली, शिक्षकांच्या मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती, या तीन गोष्टी मुख्याध्यापकांकडून लिहून आणा. जागा रिकामी असेल तर गटाच्या ठरावासह पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका. तुमच्या गावात काय उत्तर मिळालं ते आम्हाला कळवा, पुढच्या भागात ते आपण सगळ्यांना ऐकवू.

नमस्कार.